गेटचं गाऱ्हाणं

आमच्या बिल्डिंगच्या दारावर एक बाई बोलते. बाई म्हणजे यंत्रातला आवाज. आधी कार्ड टेकवायचं, मग यंत्राला तोंड दाखवायचं, मग ती म्हणते, "स्वागत आहे," आणि लिफ्टकडे जाणारं काचेचं दार उघडतं. ओळख पटली नाही तर म्हणते, "क्षमस्व. आपणांस प्रवेश नाकारण्यात येत आहे." घोडपदेवात आयुष्य काढलेल्या माणसांना इतक्या शुद्ध मराठीत कुणी कधी हाकललं नव्हतं. बाई नक्की पुण्याची असणार, यावर आमच्या बिल्डिंगचं एकमत आहे. एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

ती आबांना पहिल्यांदा "क्षमस्व" म्हणाली तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. आबा आमचे जुने शेजारी. चाळीत त्यांची खोली तेवीस, आमची चोवीस. मधली भिंत अशी की त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका. वय ब्याऐंशी, सगळी नोकरी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, मधली काही वर्षं आम्ही सगळे भाड्याच्या जागांत विखुरलो आणि परत त्याच जमिनीवर आलो, फक्त वरच्या मजल्यांवर. आबा बाराव्यावर, बाराशे चारमध्ये.

दार यंत्राच्या हाती गेलं त्याच सकाळी ते लालबागच्या बाजारातून बांगडे घेऊन आले होते. कार्ड टेकवलं, टोपी काढून तोंड दाखवलं. क्षमस्व. चष्मा काढला. क्षमस्व. चष्मा परत लावला, थोडे हसले. क्षमस्व. शेवटी आतून वॉचमनने बटण दाबलं आणि दार उघडलं. आबा जागचे हलले नाहीत.

"माज्याच घरात जावक माका कोणाची परवानगी होयी?" त्यांनी विचारलं. यंत्राला विचारलं, वॉचमनला नाही.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण 'नाकारला' हा शब्द आबांनी आधी ऐकलेला होता. चाळ पाडण्यापूर्वी पात्र भाडेकरूंची यादी लागली, तेव्हा एका जुन्या कागदापायी त्यांचं नाव खाली, 'अपात्र' या मथळ्याखाली होतं. दोन वर्षं हेलपाटे घातले तेव्हा ते वर सरकलं. बँकेतल्या यंत्राला त्यांचा अंगठा ओळखू येत नाही, कारण साच्यावर काम करून बोटांवरच्या रेषाच गेल्यात. "अंगठो झिजलो, ठीक," ते लिफ्टमध्ये मला म्हणाले. "आता काय तोंड पण झिजला?"

वर गेल्यावर त्यांनी जाहीर केलं की बटण दाबून नाही, यंत्राने स्वतः दार उघडलं तरच आपण परत खाली उतरू. बाहेर जायला ते यंत्र काहीच विचारत नाही, परत यायला विचारतं. म्हणून आबांनी बाहेर जाणंच बंद केलं. सून बिचारी मासळी आणायची आणि आबा तिच्यासमोर माशाचे कल्ले उघडून उसासा टाकायचे. आठवडा गेला, दुसरा गेला. सून मला लिफ्टमध्ये गाठून म्हणाली, "ताई, कायतरी करा. दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतायत. परवा हवामानखात्यावर ओरडले."

आणि तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी पूजा होती. नव्या जागेतली पहिली सत्यनारायणाची पूजा, खाली पार्किंगमध्ये. आमच्यात पूजा झाली की गाऱ्हाणं घालतात. कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते: जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवापुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगतो, की बाबा रे, आम्ही अमुक ठिकाणची माणसं, आमचं असं असं झालंय, अमुक अडलंय, तेवढं सोडव. प्रत्येक वाक्याला बाकीचे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" चाळीत हे गाऱ्हाणं कायम आबांचं. माझे वडील "व्हय म्हाराजा" इतक्या जोरात म्हणायचे की पलीकडच्या चाळीतून लोक गॅलरीत यायचे. वडील गेले. आता आबाही खाली उतरले नाहीत तर गाऱ्हाणं सोसायटीचे सेक्रेटरी घालणार होते, मोबाइलवर शोधून. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

आणि गाठ माझ्याशीच होती, कारण त्या दाराचा कॉम्प्युटर सोसायटीच्या ऑफिसात असतो आणि तो लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. परळच्या एका कचेरीत मी गेली सव्वीस वर्षं असलेच सर्व्हर सांभाळते. बिल्डिंगमध्ये मला 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणतात, आणि कुणाचा मिक्सर बिघडला तरी माझ्याकडे येतात.

या लिनक्समध्ये दोन पहारेकरी असतात. पहिला साधा. फाइल कुणाची आहे, वाचायची मुभा कुणाला आहे, एवढं तो बघतो. दुसरा खडूस. प्रत्येक फाइलवर एक शिक्का असतो, ती कुठल्या घरची आहे हे सांगणारा. कुठल्या प्रोग्रामने कुठल्या शिक्क्याच्या फाइलला हात लावायचा याचे नियम त्याच्याकडे असतात. पहिल्याने "जा" म्हटलं तरी हा आडवा पडू शकतो. मात्र आडवा पडला की प्रामाणिकपणे एक ओळ लिहून ठेवतो: किती वाजता, कुणी, काय मागितलं, आणि मी नाकारलं. नोंद फक्त नकाराची. ज्याला आत सोडलं त्याच्याबद्दल तो अक्षर लिहीत नाही.

आमच्या धंद्यातल्या दहापैकी नऊ जणांचा या पहारेकऱ्यावर एकच उपाय असतो: बंद करून टाका. या तीन शब्दांनी माझं डोकं फिरतं. दाराची कडी अडकते म्हणून कोणी कडी उपटून फेकतं का? यंत्र बसवणाऱ्या कंपनीच्या मुलानेही बसवतानाच तो बंद केला होता. मीच भांडून परत चालू करून घेतला. त्यामुळे आबांचं दार अडलं तेव्हा सेक्रेटरी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मला चांगली समजत होती.

मी कंपनीकडे तक्रार नोंदवली; आमच्या धंद्यात तिला तिकीट म्हणतात. "तिकीट उघडलंय," मी आबांच्या सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "कुठच्या गाडीचं?"

कंपनीचं पहिलं उत्तर आलं: कॉम्प्युटर बंद करून चालू केला का? केला होता. दुसरं उत्तर: सुरक्षा बंद करून टाका. त्याला मी जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. तिसरं उत्तर: घटना घडत असतानाच्या नोंदी गोळा करून पाठवा. हे मात्र रास्त होतं. पण नोंदींची वही भरली की पहारेकरी जुनी पानं फाडत जातो, आणि आबांचा मूळ नकार कधीच गेला होता. म्हणजे आबांना परत एकदा नाकारलं जायला हवं होतं.

आबांना मी हे सांगायला गेले नाही, मला जीव प्यारा आहे. पण दारावर कार्ड टेकवलं की प्रोग्राम त्या माणसाचा फोटो उघडायला जातो, आणि नकार तिथेच होत असावा असा माझा कयास होता. म्हणजे कार्ड पुरेसं होतं. सुनेकडून ते घेतलं आणि शनिवारी सकाळी, पूजेच्या आदल्या दिवशी, लॅपटॉप पार्किंगमधल्या एका स्कूटरच्या सीटवर ठेवून दाराशी उभी राहिले.

कार्ड टेकवलं. "क्षमस्व."

"वा!" मी म्हणाले. खरंच म्हणाले. पहारेकऱ्याच्या वहीत ताजी ओळ उमटली होती. परत टेकवलं. "क्षमस्व." आणखी एक ओळ. एकदा झालं तर कंपनी म्हणते योगायोग, म्हणून मी दहा वेळा करायचं ठरवलं.

वॉचमन बिहारकडचा, भला माणूस. त्याला माझी दया आली. "मॅडम, मैं खोल देता हूं ना."

"अजिबात खोलना नहीं!" मी ओरडले. "मेरे को नकार चाहिए!"

तो दोन पावलं मागे सरला. तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या, त्यांच्या मागे दोन शाळकरी पोरी आणि गॅसवाला. सगळ्यांसमोर मी कार्ड टेकवत होते, बाई मला हाकलत होती आणि मी खुशीत आकडे मोजत होते. सातव्यांदा काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी सगळं ठीक आहे ना गं?" मी म्हटलं, "काकू, जरा बाजूला. अजून तीन राहिलेत."

दहा ओळी गोळा झाल्या. तक्रारीची प्रत ऑफिसात द्यायची म्हणून त्या मी सेक्रेटरींना पाठवल्या आणि तिथेच चुकले. सेक्रेटरी पूर्वी सरकारी कचेरीत होते. कागदावर शिक्का बसल्याशिवाय त्यांच्या लेखी काही घडतच नाही. त्यांनी त्या छापल्या, सोसायटीचा शिक्का मारला आणि सूचनाफलकावर लावल्या, वर मथळा: 'रहिवाशांच्या माहितीसाठी'. तासाभरात फलकापुढे गर्दी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एव्हीसी अशी अक्षरं होती. ती पहारेकऱ्याच्या नोंदीची खूण. पण एकाने ठामपणे सांगितलं की हे विंगचं नाव आहे. मग वाद सुरू. ए विंग आहे, सी विंग आहे, पण ही व्ही विंग कुठली? बिल्डरने आणखी एक विंग लपवून ठेवलीय का? दुपारी एक वाजता माझ्या दाराशी तिघांचं शिष्टमंडळ होतं, त्यातल्या एकाकडे मंजूर नकाशा.

त्यांना वाटेला लावून मी कंपनीसाठी पक्की तक्रार लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता मला हसू आलं. आम्ही कुठले, आमचं यंत्र कुठलं, काय करायला गेलो, काय व्हायला हवं होतं, त्याऐवजी काय झालं, आता तुम्हीच सोडवा. हे तर गाऱ्हाणंच होतं, फक्त नारळ नव्हता. तीन पानं झाली. त्यात मी कंपनीचे नियम कसे आंधळेपणाने लिहिलेत याबद्दल बरंच काही लिहिलं, एक-दोन वाक्यं तर इतकी झोंबरी जमली की मीच परत परत वाचली. सोबत दहा ओळी जोडल्या आणि पाठवून दिलं.

मग आबांकडे गेले. निदान त्यांना सांगता आलं असतं की बाजू आपली आहे आणि चूक कंपनीची आहे.

आबा खिडकीपाशी बसले होते. तिथून आमच्या जुन्या चाळीची जागा दिसत नाही, कारण आम्ही तिच्यावरच बसलोय. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ता सगळा ऱ्हवांदे. कोणी नाकारल्यान, तेचा नाव सांग."

"नाव नाही आबा, ओळ आहे."

"मगे ओळ वाच."

मी मोबाइलवर ओळ उघडली. दरवाज्याच्या प्रोग्रामने मागितलं, मी वाचत गेले. वाचायला मागितलं. बाराशे चारचा फोटो मागितला. नाकारलं. "एवढंच," मी म्हटलं.

"खाली अजून लिवलेला दिसता."

खरंच होतं. लॅपटॉपवर ओळ लांबलचक, तिचं शेपूट पडद्याच्या बाहेर. सेक्रेटरींच्या छापील कागदावर तर समासातच कापली गेलेली. मोबाइलवर मात्र ती मोडून खाली आली होती. "तो शिक्का आहे, आबा. फोटो कुठल्या घरचा ते. हा आहे… युजर होम. म्हणजे कुणाच्या तरी घरच्या फोल्डरचा."

"खयचा घर?" आबांनी विचारलं.

कुठलं घर? तेव्हा मला आठवलं.

कंपनीचा माणूस सगळ्यांचे फोटो काढायला आला तेव्हा आबा शिमग्याला गावी गेले होते. सेक्रेटरी म्हणाले, त्यांचं राहिलं. मी म्हटलं, राहतंय कशाला, माझ्याकडे आहे. चाळ रिकामी करायच्या दिवशी मी गॅलरीत सगळ्यांचे फोटो काढले होते. आबांचा खोली तेवीसच्या दाराशी, टोपी हातात. तो मी सोसायटीच्या कॉम्प्युटरवर माझ्या खासगी, म्हणजे 'घरच्या' फोल्डरात उतरवला, कापून नीट केला आणि तिथून उचलून यंत्राच्या फोटोंमध्ये नेऊन ठेवला.

उचलून ठेवला. नक्कल केली नाही. नक्कल केली की नवी फाइल नव्या जागेचा शिक्का घेते. उचलून ठेवली की ती जुन्या घरचा शिक्का घेऊनच नव्या घरात जाते, आणि पहारेकरी म्हणतो, ही इथली नव्हे. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोर सांगेल. मी नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवते आणि वर म्हणते, बाळांनो, नोंदी शेवटपर्यंत वाचा. आणि इथे दहा वेळा दारात नकार झेलला, बिल्डिंगला व्ही विंग शोधायला लावलं, परक्या कंपनीला तीन पानं झोडपलं, आणि ओळ शेवटपर्यंत वाचली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच. मला अतिशय लाज वाटली.

"आबा," मी म्हटलं, "चूक माझी आहे."

सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे बिल्डरान नाय केल्यान?"

"नाही."

"सेक्रेटरीनय नाय?"

"नाही, आबा."

ते जरा हिरमुसलेच. तीन आठवडे राग धरून बसलेल्या माणसाला शेजारची पोर आरोपी म्हणून मिळावी, याहून वाईट काय. मग त्यांनी फोटो दाखवायला सांगितला. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. मागे दारावरचा खोलीचा आकडा दिसत होता, त्याखाली त्यांच्या बायकोने कधीतरी चिकटवलेली गणपतीची पाटी. चाळीत असतानाच त्या वारल्या.

"म्हंजे ह्यो फोटो," ते सावकाश म्हणाले, "अजून आपण चाळीतच आसंव, असा समजता?"

"तसंच काहीसं. आता मी तो शिक्का पुसून नवा मारते. एका मिनिटाचं काम आहे."

"पुसू नको."

"आबा, मग दार—"

"तो तसोच ऱ्हवांदे घरात. दुसरो कर."

आणि तेच बरोबर होतं. मी खाली गेले, फोटो आधी होता तिथे, माझ्या घरच्या फोल्डरात परत ठेवला, आणि यंत्राच्या फोटोंमध्ये त्याची नक्कल केली. नकलेने गुपचूप नव्या जागेचा शिक्का घेतला. मग कंपनीला माफीचं पत्र लिहून तक्रार मागे घेतली. त्यांचं उत्तर लगेच आलं, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे? मी निमूट पाच दिले.

कार्ड आबांच्या हातात परत देताना मी म्हटलं, "एकदा खाली येऊन बघता का?" ते म्हणाले, "उद्या. सगळ्यांसमोर." मी रात्रभर धास्तावलेली. बाईचा काय भरवसा?

रविवारी आबा उतरले. पांढरं धोतर, टोपी. पार्किंगमध्ये गाड्या हलवून सतरंज्या घातल्या होत्या. पूजा झाली, आरती झाली, आबांनी नारळ घेतला आणि सगळे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या नव्या बिल्डिंगीत तुझी लेकरां ऱ्हवाक इली आसत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दारावर जी बाय बोलता, तिका आमची वळख पटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वॉचमनही ओरडला.

"आणि जेच्या हातान कायव चुकला आसात, ता चेडू आपलाच आसा, तेका पोटात घाल रे म्हाराजा!"

मी बावन्न वर्षांची. मला 'चेडू', म्हणजे पोरगी, म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. कापराच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

प्रसाद घेऊन आबा दाराकडे निघाले आणि अख्खी पूजा त्यांच्या मागे. त्यांनी कार्ड टेकवलं. टोपी काढली. काचेत आम्हा सगळ्यांची तोंडं दिसत होती.

"स्वागत आहे," बाई म्हणाली.

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे सवयीने ओरडले. या वेळी माझा आवाज फुटला, आणि तो वडिलांसारखा आला.

आबा आत गेले. लिफ्टपाशी पोचले आणि वळून परत बाहेर आले. परत कार्ड, परत टोपी, परत स्वागत. तीनदा केलं. मी सवयीने मोबाइलवर पहारेकऱ्याची वही उघडली आणि आजच्या तारखेत बाराशे चार शोधलं.

"काय गो," आबांनी काचेच्या आतून विचारलं, "लिवल्यान काय माजा नाव?"

"नाही, आबा. आत घेतलं की तो काही लिहीत नाही."

आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"बरोबर आसा," ते म्हणाले. "आपल्याच घरात जाणाऱ्याची कोण वही ठेवता?" आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.